मीठ डाव्या अंगाला

तुमच्या घरात आता मी नसणार, ठाऊक आहे मला. ट्रॉल्या आल्या असतील. ओढलं की बाहेर, ढकललं की आत, आणि एकदा बंद केलं की आत काय आहे ते देवालाही कळत नाही. असू द्या. पण तुमच्या आईच्या, नाहीतर आजीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर मी नक्की असणार. वर डब्यांची फळी, मधे ताटं उभी करायचं ताटाळं, खाली वाट्या-पेल्यांचे खण आणि कडेला कपांच्या खुंट्या. ओळखलंत ना? हां, मांडणी! कासुर्डीच्या हौसरावांच्या घरातली मी स्टीलची मांडणी. आज मला बोलायचंय ते माझ्याबद्दल थोडं आणि भागुबाईबद्दल जास्त.

माझा जन्म दौंडचा. रेल्वे स्टेशनच्या अलीकडं एक वर्कशॉप होतं, तिथं वेल्डिंगच्या ठिणग्यांत मी जगात आले. मिस्त्रीनं कानशीनं घासून घासून मला चकचकीत केलं आणि दुकानाच्या तोंडाशी टांगलं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई माझ्याकडं बघायची आणि तिच्याबरोबरचा पुरुष घड्याळाकडं बघायचा. मग एक दिवस हरिबा आले, भागुबाईचे वडील. त्यांनी मला धरून गदागदा हलवून पाहिलं आणि म्हणाले, "पोरीला आंदण द्यायचीय. पुढं कुरकुर नको."

"कुणाची, मांडणीची का पोरीची?" मिस्त्रीनं विचारलं. दोघं पोट धरून हसले. खरं सांगते, आम्ही दोघींनीही नंतर कधी कुरकुर केली नाही.

लग्नाच्या ट्रॅक्टरमधून, गादीला टेकून मी कासुर्डीत आले. गावातल्या बायकांनी नवरी बघायच्या आधी मला बघितलं. हौसरावांनी मला दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर ठोकलं, म्हणजे पडवीत कुणी टेकलं तरी त्याला मी दिसावी. त्या काळी घराची अब्रू माझ्या अंगावर असायची. बायका पाणी प्यायच्या निमित्तानं आत यायच्या. तांब्या तोंडाला आणि डोळे माझ्याकडं, असं ते पाणी पिणं!

आता हे घर कुठं आहे ते ऐका. एका अंगाला पुणे-सोलापूर हायवे आणि दुसऱ्या अंगाला गुऱ्हाळ. हायवेच्या ट्रकांची बारीक पिवळी धूळ वर्षभर येते. उसाचा हंगाम लागला की गुऱ्हाळाच्या धुराड्यातून मऊ काळी काजळी उतरते, तिला बोट लावलं की ती आणखी पसरते. सकाळी पुसलेल्या ताटावर दुपारी बोटानं नाव लिहावं, इतकी. शेजारपाजारच्या बायांनी हात टेकले होते. "ह्ये असंच चालायचं, कितीदा पुसायचं?" म्हणायच्या. भागुबाई मात्र कमरेला पदर खोचायची आणि पुसायची.

तिला सवड कुठली? शेतात शेवंती, झेंडू, गुलछडी. पहाटे तोडणी, मग दुधाची म्हैस, मग सविता आणि नवनाथ ही दोन पोरं, वर पाहुणेरावळे. पण ती 'साफसफाई' म्हणून वेगळी काही करायचीच नाही. पडवीतून आत येताना ती रिकाम्या हातानं कधी आली नाही. येता येता कुणाचा तरी टॉवेल, कुणाचा तरी पेला उचललेला असायचा आणि जाता जाता तो जागेवर गेलेला असायचा. मी वरून बघत राहायचे. घर कधी पसरलं आणि कधी आवरलं, याचा पत्ताच लागायचा नाही.

माणसांची एक खोड मी इथं सांगून टाकते. रिकामी खुंटी दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. लग्नपत्रिका, लाइटबिल, रबरबँड, अर्धवट गोळ्यांची पाकिटं, सगळं माझ्या खुंट्यांना. त्यात हौसराव म्हणजे पसाऱ्याचे राजे! एक चप्पल पडवीत, दुसरी अंगणात. खुरपं पलंगाखाली आणि तंबाखूची पुडी माझ्या ताटाळ्यात. भागुबाई ओरडायची, "मांडणी हाय का पोस्टाची पेटी?" हौसराव मिशीतल्या मिशीत हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुडी पुन्हा तिथंच. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

वर्षं गेली. सविताचं लग्न झालं. जावई शिक्रापूरला कंपनीत, तिथंच खोली भाड्यानं घेऊन ती दोघं राहू लागली. नवनाथ शेती बघायला लागला. आणि मग भागुबाईच्या हाताला मला काहीतरी वेगळं जाणवू लागलं.

आधी तिचे डोळे यायचे आणि मागून हात यायचा. आता हात एकटाच येऊ लागला. आधी माझ्या डाव्या पट्टीला बोटांची पाठ टेकायची, मग बोटं खण मोजत सरकायची, मग डब्याच्या झाकणावर थांबायची. झाकणाला पोचा आलेला डबा साखरेचा. कडी असलेला तुरीच्या डाळीचा. चिनी मातीची बरणी मिठाची, ती डाव्या अंगाला अगदी टोकाला. हौसरावांचा कप शेवटच्या खुंटीला. हळूहळू माझ्या लक्षात आलं आणि माझ्या पट्ट्या गार पडल्या. भागुबाईला दिसत नव्हतं. उजेड आहे की अंधार आहे, इतकंच कळत होतं.

आणि घरात कुणाला पत्ता नव्हता! कसा असणार? तिची भाकरी पहिल्यासारखीच टम्म फुगायची. ती तव्यावर उलटा हात धरून धग बघायची, भाकरी भाजल्याचा वास ओळखायची. दूध वर येताना त्याचा आवाज बदलतो म्हणे, मला इतक्या वर्षांत कधी ऐकू आला नव्हता, तिला यायचा. झाडताना ती अनवाणी चालायची. तळपायाला एक कण लागला की केरसुणी मागं फिरायची. काजळी डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या बोटांना कळायची. तांदूळ निवडायची वेळ आली की मात्र शेजारच्या बाईला म्हणायची, "माजी पाठ भरून आली बाई, तू निवड." मी भिंतीवर टांगलेली एक निर्जीव वस्तू, पण त्या बाईकडं बघून माझा ऊर भरून यायचा. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

फक्त एक बदल सगळ्यांना दिसला. एखादी वाटी इकडची तिकडं झाली, की तिचा संताप व्हायचा. "घेतलेली वस्तू जागंवर ठेवायला काय हात झडत्यात का रं तुमचं?" नवनाथ म्हणायचा, "आईला शिस्तीचं येड लागलंय." आल्या-गेल्यांत मात्र कौतुक, की घर ठेवावं तर भागुबाईनं.

ती का लपवत होती, हेही मला ठाऊक होतं. तिची सासू साखरबाई. म्हातारपणी तिची नजर गेली, तेव्हा सगळ्यांनी तिला प्रेमानं पडवीतल्या खाटेवर बसवलं. चहा हातात, जेवण हातात. "तुमी उठू नगा, तुमी बसा." उभ्या आयुष्यात न बसलेली ती बाई, तिला बसवूनच ठेवलं. ती खाटेवर बसून रिकाम्या हातांनी हवेत भाकरी थापायची. ते मी पाहिलंय आणि भागुबाईनंही पाहिलंय. एकदा एकटी असताना भांडी लावता लावता ती पुटपुटली होती, "मला न्हाई बसायचं त्या खाटंवर."

मग सुषमा आली, नवनाथची बायको. शिरूरकडची, कॉलेज केलेली, हसरी. सासूवर तिचा भारी जीव. सासू दिवसभर राबते, वाकते, उठते, हे तिला बघवायचं नाही. मोबाईलवर ती स्वयंपाकघरांचे व्हिडिओ बघायची. पांढरीशुभ्र घरं, एकसारखे डबे, कुठं धुळीचा कण नाही. "आईंना असं स्वयंपाकघर करून द्यायचं," असं ती नवनाथला म्हणायची. पोरीच्या मनात तसूभरही खोट नव्हती.

भादव्याच्या शेवटी सविताचं पोर तापानं फणफणलं. भागुबाईला शिक्रापूरला जावं लागलं. जायच्या आधी ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, माझा निरोप घेतेय. आता कळतं, तिला परक्या खोलीची भीती वाटत होती.

घट बसायला थोडे दिवस होते. आमच्याकडं घटाच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली चिंधी न् चिंधी बाहेर काढायची, गोधड्या कॅनॉलला धुवायच्या, भांडी घासायची, भिंती झाडायच्या. सुषमानं ठरवलं, सासू परत यायच्या आत दसरा असा काढायचा की तिनं बघतच राहावं! बघतच राहावं, काय बोलायचं आता.

माणसं आली. भिंतीला टाइल्स लागल्या, ओट्याखाली ट्रॉल्या बसल्या, कोपऱ्यातली चूल तेवढी राहिली. डबे सगळे नवे, एका मापाचे, एका झाकणाचे आणि प्रत्येकावर सुषमानं सुंदर अक्षरात चिठ्ठी चिकटवली. साखर. मीठ. रवा. मला नवनाथनं भिंतीवरून उतरवलं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खतांच्या पोत्यांजवळ उभी केली. माझ्या ताटाळ्यात कोंबडी बसली. मला स्वतःचं वाईट वाटलं नाही म्हणणं खोटं ठरेल, पण त्याहून जास्त वाटली ती धास्ती. भागुबाई येईल तेव्हा काय करेल?

शेडला दार नाही, घराच्या मागच्या दारातून अख्खं स्वयंपाकघर मला दिसायचं. भागुबाई आली, पाय धुतले आणि सरळ आत येऊन तिनं हात वर केला. हात गुळगुळीत टाइलवर पडला. ती हात फिरवत राहिली. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं.

"कसं वाटलं, आई?" सुषमा टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

"लई भारी केलंस बाई," भागुबाई म्हणाली. हात मात्र भिंतीवरून खाली येईना.

घट बसले त्या सकाळी तिनं हट्टानं स्वतः चहा केला. सुषमानं पहिला घोट घेतला आणि तोंड दाबून मागच्या दाराशी धावली. चहात मीठ! तिनं वळून बघितलं, तर हौसराव बशीतून शांतपणे भुरके मारत होते. "झ्याक झालाय," ते म्हणाले आणि बशी चाटूनपुसून खाली ठेवली. सुषमाला वाटलं, सासरे बायकोला भितात.

पण भागुबाईनं सुषमाचं धावणं ऐकलं होतं. तिनं ओट्यावर चाचपून आपला कप उचलला, त्यात बोट बुडवून चाखलं. मग कप खाली ठेवून ती भिंतीच्या आधारानं पडवीत गेली आणि खाटेवर बसली. साखरबाईच्या खाटेवर. आपणहून.

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात आली नाही. सुषमा विनवून थकली. "आई, काही चुकलं का?" "न्हाई गं. आता तूच बघ सगळं." आवाजात राग नव्हता, म्हणून तर सुषमाला ते जास्त लागलं. शेजारची रतनबाई तर अंगणात उभं राहून मोठ्यानं म्हणाली, "सुनंनं काय दसरा काढला बाई! मांडणीबरुबर सासूबी काढली!" सुषमा शेडमध्ये येऊन पोत्यांवर बसून ढसाढसा रडली. मला वाटत होतं ओरडून सांगावं, अगं, ती रुसली नाही. पण मला कोण बोलू देतंय?

घटाला दोनेक माळा चढल्या असतील. भर दुपार, लख्ख ऊन. माणसं झेंडूच्या तोडणीला गेलेली. सुषमा शेडमध्ये अंडी गोळा करत होती. तेवढ्यात भिंतीला हात लावत भागुबाई आली. सुषमा तोंड उघडणार, तोच सासूचा हात माझ्यावर पडला आणि ती माझ्याशीच बोलायला लागली. सुषमा जागीच थांबली.

"तुलाबी धूळ बसली व्हय गं?" भागुबाईनं पदरानं मला पुसलं. मग बोटं सरकू लागली. "हितं साखर... हितं डाळ... हितं मीठ... आन् हितं त्यांचा कप." ती शेवटच्या खुंटीला धरून राहिली. "इतकी वरसं तू झाकलंस मला. आता कुणाच्या आडोशाला ऱ्हाऊ? पोरीला कळलं, तर ती मला पाण्याच्या तांब्यालाबी हात लावू देणार न्हाई. लई मायाळू हाय ती. मायेनंच बशिवंल."

सुषमाच्या हातातलं अंडं निसटलं. भागुबाईनं चेहरा वर केला, तो थेट सुषमाच्या चेहऱ्यासमोर. हात लांब केला असता तर लागला असता, इतक्या जवळ.

"कोण हाय?"

सुषमानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"कोंबडी व्हय! हुश्श!" भागुबाईनं सुनेच्या अंगावर हात झटकला आणि भिंत धरून परत गेली.

त्या संध्याकाळी आमच्या घरात भांडण झालं. सुषमा पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, त्या ट्रॉलीत माझं बोट चेमटलं! एक वस्तू सापडत नाही वेळेवर. मला मांडणी पायजे."

"तूच तर मागितलीस ना ट्रॉली?" नवनाथ चक्रावला.

"मागितली. आता मांडणी मागतेय."

"आगं, नव्या टाइलला भोकं पाडू? येडी का काय?"

"पाडा!"

पाडली बिचाऱ्यानं, पुटपुटत पाडली. सुषमानं मला राखेनं घासलं, दोनदा धुतलं. जुने डबे माळ्यावरून काढले, बरणी काढली. मग पडवीत जाऊन म्हणाली, "आई, मला लावता येत नाही. मी एकेक देते, तुम्ही लावा."

भागुबाई उठली. पहिला डबा ठेवताना तिनं खण दोनदा चाचपला, पुढचे मात्र सरासर जागेवर बसू लागले. सुषमा प्रत्येक वस्तू तिच्या तळहातावर ठेवत होती, एकही ओट्यावर ठेवली नाही. एवढ्यावरून सासूला काय कळायचं ते कळलं असणार. तिनं पुढच्या डब्यासाठी तळहात पुढं केला.

नंतर सुषमानं "माझं डोकं दुखतं, डोळे तपासायचेत, सोबत चला," म्हणून तिला दौंडला डॉक्टरांकडं नेलं. तपासले दोघींचे. काचबिंदू निघाला. गेलेली नजर येणार नाही, उरलाय तो उजेड थेंबांनी राखायचा, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर भागुबाई दारातच उभी राहिली. तिला खाटेकडं नेणारा हात आता येईल, असं तिला वाटत होतं. सुषमानं आतूनच हाक मारली, "आई, चूल पेटवलीय. भाकरी तुम्ही थापा, माझ्या तुमच्यासारख्या गोल होत नाहीत."

भागुबाई आत आली. बसली, पण काटवटीपुढं. मला विचाराल, तर त्या घरात खरा दसरा त्या दिवशी झाला.

एकदा सुषमानं हौसरावांना हळूच विचारलं, "आबा, तुम्हाला कळलं नव्हतं?"

"पोरी, चहात मीठ हाय का साखर, येवढंबी कळत न्हाई व्हय मला?" ते म्हणाले. "तिला सांगायचं न्हवतं, म्या इचारलं न्हाई."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गेल्या काही वर्षांत ताटाळ्यात तंबाखूची पुडी नव्हती! चपला भिंतीला लावून जोडीनं असायच्या, खुरपं खुंटीला. पसाऱ्याचा तो राजा न सांगता बदलला होता आणि मी, समोरच्या भिंतीवर टांगलेली शहाणी, मला ते दिसलंच नव्हतं. मला वाटायचं, तिचं गुपित माझ्या एकटीपाशी आहे.

आता मी जुनी झालेय. एका पट्टीला गंज धरलाय, टाइलच्या भिंतीवर मी शोभत नाही, पाहुणे तसं बोलूनही दाखवतात. ट्रॉलीत कांदे-बटाटे असतात. थेंबांची बाटली माझ्या पहिल्या खुंटीच्या पिशवीत असते. हायवेची धूळ येते, गुऱ्हाळाची काजळी येते. दोघी मला पुसतात, एक डोळ्यांनी आणि एक बोटांनी. बोटांनी पुसलेलं जास्त लख्ख असतं, हे मी शपथेवर सांगेन.

परवाचीच गोष्ट. भागुबाई चुलीपुढं होती. सुषमा माझ्यासमोर आली, इकडंतिकडं बघितलं, डोळे गच्च मिटले आणि मिठाची बरणी शोधायला हात वर केला. बोटं डाळीवर गेली, कडीवर अडखळली, एक वाटी खणकन वाजली.

"डाव्या अंगाला," भागुबाई चुलीपुढून म्हणाली. तिनं मान वळवली नव्हती. "आणखी डावीकडं. अगदी टोकाला."

सुषमाचा हात बरणीवर थांबला.

"घावली?"

"घावली, आई."

"मग उघड आता डोळं. भाजीला उशीर हुतोय."

मला जोडायला हात नाहीत, नुसत्या खुंट्या आहेत. तरी विनवते. वाटी घ्या, कप घ्या, काय हवं ते घ्या, पण घेतलं की जागेवर ठेवा. तुमच्या मागून कुणाचा तरी हात येत असेल.